कधीही थांबता येईल

चार वर्षं मी हा कागद वाचते आहे,
लोल्वे सरोवराच्या काठाने, घरोघर,
धोलुओ भाषेत, सावकाश, शिकवल्याप्रमाणे:
'यात भाग घेणं तुमच्या मर्जीवर आहे.
नको वाटलं तर कधीही थांबता येईल.
थांबलात म्हणून तुमचं काही बुडणार नाही.'
आणि चार वर्षांत कोणी थांबलं नाही.

दारात आलेलीला ऊठ कसं म्हणायचं?
त्यात ती सरकारी दिसणारी, गळ्यात फोटोचा बिल्ला,
पिशवीत द्यायची साबणाची वडी.
शाईची डबी उघडायच्या आत
लोकांचा अंगठा पुढे आलेला असतो.
मी म्हणते, थांबा, अजून दीड पान आहे.
ते म्हणतात, वाच बाई, तुझं काम आहे ते.

अदोयोने मात्र ऐकलं.
उंबऱ्याशी पाय लांब करून,
एक डोळा जाळ्यावर वाळणाऱ्या ओमेनावर, एक माझ्यावर.
'मागच्या साली एक पोरगा आला होता,
त्याने हे वाचलंच नाही. परत वाच. ते चिठ्ठीचं.'
परत वाचलं: चिठ्ठ्या टाकून
काही घरांना पैसे, काही घरांना नाहीत.
मग दोन्हींची तुलना.
ती कुंपणापलीकडे बघत होती,
रोझबेलाच्या छपरावरचा कोरा पत्रा
उन्हात डोळ्याला टोचत होता.
'म्हणजे ती किती वर गेली ते कळायला
मी आहे तिथेच राहायचं.
ती उंची, आणि मी जमीन.'

याचं उत्तर कागदात नव्हतं.
किसुमूच्या हॉटेलात, पंख्याखाली, बिस्किटं खात
आम्ही ते पाठ केलं होतं:
पैसे सगळ्यांना पुरत नाहीत, चिठ्ठी पक्षपात करत नाही.
खरंच आहे ते. तिला सांगितलंही.
खरं बोलून तोंड कडू होतं
एवढं तेवढं शिकवायचं राहिलं.

पुढे: तुमचं नाव कुणाला कळणार नाही,
नावाच्या जागी आकडा, चारशे सतरा.
तिने पाय जवळ ओढले.
'का? मी चोरी केली आहे?'
तुमच्याच भल्यासाठी, म्हटलं,
उद्या कुणी बोट दाखवू नये.
'उपाशी निजते ती मी.
चारशे सतरा निजत नाही.
लिही, अदोयो. खुरपणीच्या दिवसांतली, म्हणून अदोयो.
माहेर उयोमा.'
नावाला चौकट नव्हती.
समासात लिहिलं, पेन्सिलीने,
रात्री खोडायचं असं ठरवून.

मग अंगठा. मग शेळ्या किती, भांडी किती,
पाणी किती लांब. पटापट उत्तरं.
प्रश्न एकतिसावा:
गेल्या सात दिवसांत मुलांना पुरावं म्हणून
तुम्ही किती वेळा जेवला नाहीत?

भिंतीच्या सावलीत तिचा थोरला, ओचोला,
सायकलची साखळी बसवत होता.
त्याचे काळे हात तसेच राहिले, अधांतरी.
मला तो आधी दिसायला हवा होता.
'एकांतात विचारावे' असं ठळक अक्षरात आहे.
मी ते वाचलं होतं. दर वेळी वाचते.

अदोयोने त्याच्याकडे पाहिलं नाही.
'तू म्हणालीस, थांबता येतं.'
हो.
'मग थांबले.'
उठली, आणि मासळी उलटू लागली,
मूठमूठ, सावकाश,
वर घारी फिरत होत्या.

साबणाची वडी उंबऱ्यावर ठेवली.
नियमाने ती तिचीच होती.
ओचोला सायकल ढकलत निघून गेला,
साखळी न बसवताच.

संध्याकाळी ओन्दितीसाहेबांचा फोन.
एक घर गळलं? परत जा, गोड बोल,
आकडे आधीच कमी पडताहेत.
मी म्हटलं, कागद मीच वाचला होता, सर.
पलीकडे बराच वेळ नुसतं कोंबडं ओरडत होतं.

माघारीचं कारण, पाचांपैकी एक निवडा:
आजार, वेळ नाही, स्थलांतर, मृत्यू, इतर.
इतरपुढे लिहिलं: मासळी उलटायची होती.

खोडरबर पिशवीत आहे.
कंदिलाची वात मोठी केली,
समास पुन्हा वाचला.